खलाशाची वही उरली, कॉर्नेलियाची पत्रे कुठे गेली?

"तुमच्याकडे पुरावा काय?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला आहे. भीमा कोरेगावचा विषय निघाला की विजयस्तंभावर कोरलेली 'नाक' प्रत्ययाची नावे समोर दिसत असतानाही तो विचारला जातो. गावकीच्या अन्यायाबद्दल बोललो, आजोबा-पणजोबांनी सांगितलेले सांगितले, की समोरून ठरलेले वाक्य येते : "या ऐकीव गोष्टी झाल्या, कागद दाखवा."

या प्रश्नाला आम्ही घाबरत नाही. इतिहास पुराव्यानेच लिहावा, हे बाबासाहेबांनीच आम्हाला शिकवले आहे. पण कागद मागणाऱ्यांना आमचा एक उलट प्रश्न आहे. ज्यांना अक्षर शिकण्याचीच बंदी होती, त्यांनी कागदावर लिहायचे कशाने? आणि दुसरा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारणार आहोत, तो पहिल्यापेक्षा कठीण आहे. शिकल्यानंतर आमच्या माणसांनी जे लिहिले, ते आम्ही तरी कुठे सांभाळले?

या दोन्ही प्रश्नांसाठी आज एका खलाशाची आणि त्याच्या पत्नीची हकीकत सांगतो. ती अमेरिकेतली आहे, १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातली. या युद्धावर लिहिलेल्या पुस्तकांनी ग्रंथालये भरली आहेत. गोऱ्या सेनापतींची, अधिकाऱ्यांची, साध्या शिपायांचीही बायकोला लिहिलेली पत्रे छापून निघाली. पण ज्यांच्या गुलामीवरून हे युद्ध पेटले, त्यांची नवराबायकोची पत्रे किती? फार थोडी. का थोडी, हे समजून घेणे म्हणजेच 'पुरावा काय' या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

होडीतले आठ जण

२१ सप्टेंबर १८६२ ची रात्र. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन हे बंदर. गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळ्या झालेल्या दक्षिणेच्या ताब्यात ते होते. त्या रात्री आठ गुलाम एका होडीत बसले आणि केप फिअर नदीतून अंधारात समुद्राकडे निघाले. काठाकाठाने दक्षिणेच्या सैन्याचे पहारे होते. दुसऱ्या दिवशी समुद्रात नाकेबंदीसाठी उभ्या असलेल्या उत्तरेच्या 'केंब्रिज' या युद्धनौकेने त्यांना उचलून घेतले. त्याच दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. होडीतल्या आठ जणांना त्याची कल्पना असणे शक्यच नव्हते. जाहीरनाम्याची वाट न पाहता ते निघाले होते. मुक्ती कुणी दिली, या वादात ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या आठांपैकी एक होते विल्यम बी. गूल्ड. वय चोवीस. काम गिलाव्याचे, म्हणजे भिंती-छतांवर चुन्याची नक्षी उठवण्याचे. विल्मिंग्टनमधील बेलामी नावाचा भव्य वाडा आजही उभा आहे. त्याच्या डागडुजीच्या वेळी गिलाव्याच्या नक्षीत मागच्या बाजूला लपवलेली तीन अक्षरे सापडली : डब्ल्यू, बी, जी. ज्या वाड्याच्या मालकीत त्यांचा वाटा नव्हता आणि ज्याच्या मजुरीवरही त्यांचा हक्क नव्हता, त्या वाड्याच्या पोटात त्यांनी आपले नाव ठेवून दिले होते.

नौदलाने त्यांना भरती करून घेतले. दर्जा कोणता दिला? 'बॉय'. चोवीस वर्षांच्या कसबी कारागिराला 'पोरा' म्हणायचे! पळून आलेल्या गुलामांसाठी तेव्हा हीच पायरी ठरलेली होती. त्यांना जे नाव पडले होते तेही ऐका : 'कॉन्ट्राबँड', म्हणजे शत्रूकडून जप्त केलेला माल. आपल्या आज्याला पांढरे केस झाल्यावरही गावातले शेंबडे पोर 'अरे-तुरे' करीत असे, हे ज्यांना आठवते त्यांना या 'बॉय'चा अर्थ समजावून सांगायला नको. म्हणून आम्ही या लेखात त्यांचा उल्लेख आदरार्थीच करणार आहोत.

आकडे चालतील, अक्षर नको

गूल्ड यांनी नौदलात गेल्यापासून रोजनिशी लिहायला सुरुवात केली. ही घटना किती मोठी आहे हे कळण्यासाठी नॉर्थ कॅरोलिनाचा १८३० चा कायदा पाहावा लागतो. या कायद्याने गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. शिकवणारा गोरा असेल तर दंड किंवा तुरुंग. शिकवणारा स्वतंत्र काळा माणूस असेल तर त्याला फटकेही. आणि एका गुलामाने दुसऱ्या गुलामाला शिकवले, तर त्याच्या उघड्या पाठीवर एकोणचाळीस फटके. कारणही कायद्याने लपवले नाही : शिक्षणामुळे गुलामांच्या मनात असंतोष निर्माण होतो.

या कायद्यात एक सवलत होती. आकडे शिकवायला हरकत नव्हती. कारण उघड आहे. पोती मोजायला, माल मोजायला, मालकाचा हिशेब ठेवायला गुलाम उपयोगी पडला पाहिजे. त्याने मोजावे, पण लिहू नये. शोषणाची व्यवस्था आंधळी नसते, ती फार हिशेबी असते. कोणते ज्ञान दिल्याने गुलाम जास्त उपयोगी होतो आणि कोणत्या ज्ञानाने तो हातातून जातो, हे तिला नेमके ठाऊक असते. आपल्याकडेही गावकामगार म्हणून शिवारातली प्रत्येक हद्द महाराच्या तोंडपाठ असावी लागे. तंटा झाला की साक्ष त्याचीच. पण त्या हद्दीचा कागद लिहिणारा हात मात्र दुसऱ्याचाच असे.

म्हणून गूल्ड यांच्या वहीतली प्रत्येक ओळ हा मोडलेल्या कायद्याचा पुरावा आहे. त्यांना कुणी शिकवले असेल, तर त्या माणसाने आपली पाठ पणाला लावून शिकवले.

पत्रांची नोंद

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गूल्ड यांच्या रोजनिशीत वारा, लाटा, पाठलाग, पकडलेली जहाजे हे सगळे आहे. पण तारखेखाली पुन्हा पुन्हा येणारी एक नोंद आहे : आज टपाल आले, अमक्याचे पत्र आले, अमक्याला लिहिले. या नोंदींत एक नाव सतत भेटते, बहुतेक वेळा आद्याक्षरांत. ते कॉर्नेलिया विल्यम्स रीड यांचे.

कॉर्नेलियासुद्धा विल्मिंग्टनमध्ये गुलाम होत्या. त्यांचे एक नातलग, जेम्स क्रॉफर्ड, स्वतः गुलामीतून निसटून उत्तरेतील नँटकेट या बेटावर पोहोचले होते आणि तिथल्या काळ्या लोकांच्या चर्चचे पाळक झाले होते. त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेलियाला 'विकत घेऊन' मुक्त केले. एका तरुणीचे स्वातंत्र्य वर्गणीच्या पैशाने, पावती करून घ्यावे लागले. त्या बेटावर गेल्या, गूल्ड मागे राहिले. पुढे गूल्ड होडीतून निसटले. आता एकीकडे समुद्रात तो, दुसरीकडे बेटावर ती, आणि मध्ये टपाल.

विचार करा, या दोघांसाठी पत्र म्हणजे काय असेल? गुलाम असताना दोघांनाही एकमेकांना उघडपणे एक चिठ्ठी लिहिणे शक्य नव्हते. लिहिता येते हे कळणेच धोक्याचे. मालकाने एकाला दूर विकले की नाते संपले, पत्ता संपला. आता पहिल्यांदाच त्यांना पत्ता होता. पाकिटावर नाव होते. ते पाकीट कुणाही मालकाच्या हातून न जाता थेट आपल्या माणसाच्या हातात पडत होते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या टपाल येते आहे, त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. आम्हाला वाटते.

१८६४ मध्ये गूल्ड यांची 'नायगारा' ही नौका दक्षिणेच्या जहाजांच्या शोधात अटलांटिक ओलांडून युरोपच्या किनाऱ्यांवर गेली. टपाल आणखी लांबले, पण लिहिणे थांबले नाही. गूल्ड काळ्यांच्या एका वृत्तपत्रालाही टोपणनावाने मजकूर पाठवत. काळ्यांना अमेरिकेबाहेर कुठेतरी नेऊन वसवावे, या तेव्हाच्या चर्चेचा त्यांनी आपल्या वहीत कडक समाचार घेतला आहे. म्हणजे हा माणूस प्रेयसीला पत्रे लिहीत होता आणि राजकारणही लिहीत होता. दोन्हीची शाई एकच होती.

सप्टेंबर १८६५ मध्ये त्यांना नौदलातून सन्मानाने मुक्त करण्यात आले. २२ नोव्हेंबर १८६५ रोजी नँटकेट बेटावर विल्यम आणि कॉर्नेलिया यांचे लग्न झाले. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यानंतर दोन आठवड्यांनी, ६ डिसेंबरला पक्की झाली. इथेही ते कायद्याच्या दोन पावले पुढेच होते.

जेवणाच्या भांड्यांचा विटाळ

ही हकीकत गोड शेवटाची प्रेमकथा म्हणून सांगायची असती तर आम्ही इथेच थांबलो असतो. पण त्याच वहीत आणखी एक नोंद आहे, जी आपल्या वाचकांनी विसरू नये.

त्या काळी उत्तरेच्या भूदलात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. नौदलात मात्र काळे-गोरे एकाच जहाजावर काम करीत. सुमारे अठरा हजार काळे खलाशी त्या युद्धात नौदलात होते. त्यामुळे पुष्कळ लोक नौदलातील समतेचे गोडवे गातात. गूल्ड यांची १८६४ ची नोंद सांगते की, मेरीलँडच्या काळ्या पलटणीतले काही शिपाई त्यांच्या जहाजावर आणले गेले तेव्हा जहाजावरच्या खलाशांनी त्यांना अतिशय वाईट वागवले. शिव्या दिल्या, आणि आपल्या जेवणाच्या भांड्यांत त्यांना जेवू दिले नाही.

जेवणाची भांडी! गुलामगिरीविरुद्ध लढणारे जहाज, एकच झेंडा, एकच शत्रू, उद्या एकाच गोळ्याने सगळे बुडायचे. तरीही भांडे वेगळे. ही ओळ वाचताना आम्हाला अमेरिका आठवली नाही. आम्हाला शाळेत वरून ओंजळीत ओतलेले पाणी आठवले, चहाच्या टपरीवर बाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी आठवली. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली, पण दोन्ही एकच आहेत असे म्हटले नाही. अस्पृश्यता ही अप्रत्यक्ष गुलामगिरी आहे, माणसाला आपण गुलाम आहोत याची जाणीवही होऊ न देणारी, म्हणून अधिक वाईट, असे त्यांचे म्हणणे होते. पण भांड्यापाशी दोन्ही व्यवस्था एकमेकींना ओळखतात.

ही गोष्ट जगाला कळली कशी? नौदलाच्या अहवालातून नव्हे. एका खलाशाला लिहिता येत होते आणि त्याने लिहून ठेवले म्हणून.

बायको असल्याचा पुरावा

खलाशी लिहीत होता. पण मागे राहिलेल्या बायकांचे काय? सगळ्याच कॉर्नेलियासारख्या मुक्त नव्हत्या. मिसूरी हे राज्य उत्तरेच्या बाजूने होते, तरी तिथे गुलामगिरी कायदेशीर होती. तिथल्या काळ्या पुरुषांनी सैन्यात नाव नोंदवले की मालक त्यांच्या बायकांवर सूड उगवत. डिसेंबर १८६३ मध्ये मार्था ग्लोव्हर नावाच्या एका बाईने सैन्यातल्या नवऱ्याला पाठवलेले पत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तू गेल्यापासून मला नुसता त्रास आहे, तू सैन्यात गेलास म्हणून मला छळतात, मुले सांभाळायला नकार देतात, असे ती कळवते. वीराच्या बायकोने कसे बोलावे याचे जे साचे इतिहासकारांनी बनवले, त्यात हे पत्र बसत नाही. म्हणून ते खरे वाटते.

पुढच्याच महिन्यातले, मिसूरीतल्याच ॲन नावाच्या बाईचे एक पत्र आहे. ते तिने दुसऱ्याकडून लिहवून घेतले. तीही छळ सांगते, पण नवऱ्याला धीर देते, लवकरच मी मुक्त होईन म्हणते, आणि शेवटी आपल्या लहान मुलीसाठी बापाची आठवण म्हणून मण्यांची माळ पाठवायला सांगते. पत्र लिहून देणाऱ्याने खाली आपली सूचना जोडली आहे : बायकोला पत्र पाठवायचे तर कुणाच्या हवाली करू नकोस, थेट माझ्या नावाने पाठव. का, हे सांगायला नको. मालकाच्या हाती पडलेले पत्र बायकोपर्यंत पोहोचेल याची खात्री नव्हती.

आणि नवरा युद्धात मेला तर? विधवेला निवृत्तिवेतन हवे तर लग्नाचा कागद लागे. गुलामांचे लग्न कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. म्हणजे आधी कायद्याने लग्न नाकारायचे आणि मग त्याच कायद्याने विचारायचे, लग्नाचा पुरावा काय? 'पुरावा दाखवा' या आपल्या ओळखीच्या वाक्याचा हा खरा चेहरा आहे. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे दक्षिणेच्या सैन्याने शरण आलेल्या काळ्या शिपायांची कत्तल केली. तिथे मारल्या गेलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या विधवेने, मिसेस बूथ यांनी, राष्ट्राध्यक्षांपुढे मुद्दा मांडला की काळ्या शिपायांच्या बायकामुलांना लग्न कायदेशीर असल्याप्रमाणेच हक्क मिळावेत. मे १८६४ मध्ये लिंकन यांनी त्यांच्याच हाती सिनेटर चार्ल्स समनर यांना तशी चिठ्ठी दिली. त्याच वर्षी जुलैत कायदा बदलला. साक्षीदारांनी 'हे नवराबायको म्हणून राहत होते' असे सांगितले तर ते ग्राह्य धरले जाऊ लागले.

यातून एक गोष्ट घडली. या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी साक्षी दिल्या, जबान्या दिल्या, कुणी जवळ जपलेली नवऱ्याची पत्रे अर्जाला जोडली. ती सरकारी फायलींत गेली आणि तिथेच राहिली. आज काळ्या शिपायांच्या आणि खलाशांच्या घरसंसाराचा इतिहास या फायलींतून लिहिला जातो. म्हणजे एखादे पत्र वाचले ते प्रेमाचे होते म्हणून नव्हे, बाईने हक्कासाठी ते टेबलावर ठेवले म्हणून. हक्काचा लढा हाच आपला अभिलेखागार असतो.

आपल्या बाजूला पाहू

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. युद्ध संपून आठ वर्षेच झाली होती. म्हणजे गूल्ड ज्या लढ्यात होते, त्या लढ्याशी आपले नाते आम्ही आज ओढूनताणून जोडत नाही. जोतीरावांनीच ते जोडून ठेवले आहे.

त्याच काळात आपल्याकडेही एक पत्नी आपल्या पतीला पत्रे लिहीत होती. सावित्रीमाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिल्यात आजारपणात माहेरी असताना भावाशी झालेला वाद आहे, महार-मांगांना शिकवता म्हणून बोल लावणाऱ्या भावाला त्यांनी दिलेले उत्तर आहे. दुसऱ्यात एका ब्राह्मण तरुणाला आणि त्याच्यापासून गर्भवती राहिलेल्या अस्पृश्य मुलीला जमावाच्या तावडीतून कसे सोडवले ते आहे. तिसऱ्यात जुन्नर भागातील दुष्काळाचे वर्णन आणि मदतकार्याची हकीकत आहे. ही तीन पत्रे नसती तर सावित्रीमाई म्हणजे फक्त 'जोतीरावांच्या पत्नी' उरल्या असत्या. पत्रांमुळे त्या स्वतःच्या आवाजात बोलतात.

आणि आपली सैनिकी घराणी? बाबासाहेबांनी नोंदवले आहे की कंपनीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे शाळेचे दार आपल्याला सगळीकडे बंद होते, तेव्हा छावणीत ते उघडे होते. छावणीतल्या पुरुषांना, काही घरांतल्या बायकांनाही अक्षर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, ती शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकर १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारकडे अर्ज करतात, त्यामागे ही जाणीव आहे असे आम्ही मानतो.

पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आपले हजारो तरुण गणवेशात दूरदेशी गेले. त्यांच्या बायकांना पत्रे आली असतील. पण लष्करी शाळा बंद होऊन अर्धे शतक लोटले होते. पत्र वाचून घ्यायला शिकलेल्या माणसाच्या ओट्यापुढे उभे राहावे लागे. चारचौघांत मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात नवरा काय लिहिणार? मी खुशाल आहे, पैसे पाठवले आहेत, म्हाताऱ्यांना जपा. ती पत्रे कोरडी वाटतात म्हणून आपण ती बाजूला टाकली. वास्तविक तो कोरडेपणा हाच पुरावा आहे. बायकोशी दोन शब्द एकांतात बोलण्याचा हक्कही निरक्षरतेने हिरावून घेतला होता, याचा पुरावा.

कल्पित पत्रे आणि खरी जबाबदारी

इथे आपल्याच लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. दर सात फेब्रुवारीला आणि सत्तावीस मेला माता रमाई आणि बाबासाहेब यांची म्हणून काही पत्रे मोबाइलवर फिरतात. ती कोणत्या संग्रहातली, मूळ कुठे आहे, कुणी पाहिले, कुणी काही सांगत नाही. डोळ्यांत पाणी येते म्हणून आपण पुढे पाठवतो. मित्रहो, विलायतेत शिकणाऱ्या नवऱ्याच्या मागे रमाईंनी मुंबईत काढलेले दिवस कल्पित मजकुराशिवायही पुरेसे बोलके आहेत. १९१७ मध्ये महायुद्ध चालू असताना बाबासाहेब मायदेशी परतले. त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन निघालेले जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. समुद्रातले युद्ध रमाईंच्या दारापर्यंत किती जवळ येऊन गेले होते, हे या एका घटनेवरून कळते. खरे एवढे मोठे असताना खोटे कशाला हवे? उद्या एखादे कल्पित पत्र उघडे पडले की विरोधक आपल्या खऱ्या कागदांवरही बोट ठेवतील.

त्याच १९१७ च्या डिसेंबरमध्ये 'द क्रायसिस' या मासिकात म्हाताऱ्या विल्यम गूल्ड यांचे छायाचित्र छापून आले, शेजारी गणवेशातले सहा मुलगे. मासिकाचे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. ही दोन पत्रे जपली गेली म्हणून आज आपण ताठ मानेने त्यांचा दाखला देतो.

गूल्ड १९२३ मध्ये वारले. त्यांची रोजनिशी १९५८ पर्यंत घराच्या पोटमाळ्यावर पडून होती. पोटमाळा साफ करताना ती घरच्यांच्या हाती लागली. त्यांच्या पणतवाने, कायद्याचे प्राध्यापक असलेल्या चौथ्या विल्यम गूल्ड यांनी, वर्षानुवर्षे अभ्यास करून २००२ मध्ये ती 'डायरी ऑफ अ कॉन्ट्राबँड' या नावाने प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, गूल्ड यांच्या गावात, डेडहॅममध्ये, त्यांचा पुतळा उभा राहिला. ती वही त्या दिवशी रद्दीत गेली असती तर? कुणी चोरली नसती, कुणी जाळली नसती. फक्त झाडून टाकली असती.

आणि कॉर्नेलिया? त्यांनी लिहिलेली पत्रे आपल्यासमोर नाहीत. त्यांचे पत्र 'आले' एवढे गूल्ड यांची वही सांगते. तिने काय लिहिले, ते तिच्या शब्दांत आपण वाचू शकत नाही. मुक्त झालेल्या, लिहिणाऱ्या, लढणाऱ्या घरातसुद्धा पुरुषाची वही उरते आणि बाईची पत्रे जातात. ही चूक आपण आपल्या घरात पुन्हा करणार आहोत का?

घरोघरच्या पत्र्याच्या ट्रंका आठवा. चाळ पुनर्विकासाला गेली, आजी वारली, गावचे घर पडले की त्यातली लुगडी वाटली जातात आणि कागद रद्दीत जातात. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी, गिरणीतून गावी आलेले पोस्टकार्ड, सैन्यातून आलेले आंतरदेशीय पत्र, नामांतराच्या काळात तुरुंगातून लिहिलेली चिठ्ठी, आजीने उतारवयात साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली वही. यातला एकही कागद फालतू नाही. या आठवड्यात घरातली ट्रंक उघडा. कागदाचा फोटो काढा, मागे तारीख आणि नाव लिहा, कुणी कुणाला लिहिले ते जिवंत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. आधी आजीचे शोधा, मग आजोबांचे. पत्र खासगी असेल तर छापू नका, पण फेकूही नका. आणि जे नाही ते रचू नका.

पुढच्या वेळी कुणी 'पुरावा काय' विचारील, तेव्हा आपण शब्दाने भांडणार नाही. अक्षर शिकायला ज्यांना हजारो वर्षे अडवले, त्यांनी अक्षर येताच पहिल्यांदा कुणाला काय लिहिले, ते त्याच्यासमोर ठेवू.

जय भीम!